टाकी वाढत नसते

ट्रायपॉडचा तिसरा पाय रस्त्यावर टेकला, त्याचा टक् असा बारीक आवाज झाला, आणि सबंध गल्लीत तेवढा एकच आवाज राहिला.

एरवी सकाळी नऊच्या सुमाराला या गल्लीला शंभर तोंडे असत. नळाखाली बादल्या वाजत, गॅलरीतून खाली हाका सुटत, कुणीतरी सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवी. आज माणसे होती, आवाज नव्हते. कठड्यांवर हात होते, पडद्यांच्या फटींत डोळे होते, एका दारात दात घासता घासता थांबलेला गृहस्थ तोंडातला फेस तसाच धरून उभा होता. आणि हे सारे डोळे तिच्याकडे नव्हे, तिच्यापासून वीस पावलांवर, अकरा नंबरच्या घराला लागून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मोजदांडा उभा धरून थांबलेल्या तिच्या वडिलांकडे लागले होते.

"नाना, जरा डावीकडे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला कोरड्या विहिरीत पडलेल्या खड्यासारखा ऐकू आला.

नाना डावीकडे सरकले. दांड्याच्या टोकाला बांधलेला ओळंबा स्थिर होईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. चाळीस वर्षे शाळेत भूमिती शिकवलेला हा माणूस दांडासुद्धा फळ्यावर प्रमेय मांडावे तसा धरी. तिने पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आणला, चौकटीत घराचा माथा आणि पायथा एकदमच घेतला, बटणावर बोट ठेवले. आणि दांडा जिथे जमिनीला टेकला होता तिथे नजर जाऊ नये म्हणून, बटण दाबताना तिने डोळे मिटून घेतले.

डोळे मिटून फोटो काढणारी जगात आपण एकटीच असू, असे तिच्या मनात आले. हसू मात्र आले नाही. कारण तेवढ्यात, चार घरे पलीकडे, कुठल्याशा गच्चीवरून हातोड्याचा आजचा पहिला घाव वाजला.

काम साधे होते, आणि साधे होते म्हणूनच तिने ते घेतले होते. विभाग कार्यालयाला उपनगराच्या या भागाची दर्शनी नोंद हवी होती. प्रत्येक रस्ता, प्रत्येक घराची पुढची बाजू, आणि शिवाय खुणेच्या जागा: पाण्याची टाकी, वाचनालयावरचे घड्याळ, शाळेची कमान, लोखंडी पादचारी पूल. समारंभांचे फोटो काढून काढून तिला वीट आला होता. माणसे कॅमेऱ्यासमोर हसायचे म्हणून हसतात. भिंती तसे काही करत नाहीत. ढगाळ सकाळी एखादी गल्ली निरखावी, तर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी ती आपण होऊन काहीतरी सांगून टाकते, असे तिला वाटे.

नियम ठरलेले होते. कॅमेरा तिरका करायचा नाही. ऊन भिंतीवर येण्याआधी काम उरकायचे. प्रत्येक फोटोत घराला लागून तीन मीटरचा मोजदांडा उभा हवा, म्हणजे त्याच्या मापाने कार्यालयातला माणूस कागदावर घराची उंची काढणार. दांड्यावर अर्ध्या अर्ध्या मीटरचे सहा पट्टे, लाल, पांढरा, लाल, पांढरा. आणि प्रत्येक फोटोच्या तक्त्याखाली छापलेली एक ओळ: 'मोजदांडा तीन मीटर, तपासला.' त्याखाली तिची सही. पहिल्या दिवशी तिने खरोखरच टेप लावून दांडा तपासला होता. त्यानंतर सही ही नुसती शाई झाली. अशा तीनशे बारा सह्या आजवर झाल्या होत्या.

दांडा धरायला माणूस हवा होता, आणि नाना घरात बसून होते. आई गेल्यापासून ते चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वर्तमानपत्रातल्या चुकांखाली लाल रेघा मारत दिवस काढत. "पगार नाही, पण हवा मोकळी मिळेल," ती म्हणाली होती. नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच बूट घातले. पहिला महिनाभर तर ते दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे दिसत होते. दर तिसऱ्या दारातून कुणीतरी "सर, तुम्ही?" म्हणत बाहेर येई. "हा माझा विद्यार्थी," ते तिला सांगत. "काटकोनाला घाबरायचा. आता बघ, घर बांधलंय, त्यात एकही कोपरा धड नाही."

मग नोटिसा आल्या.

घरांच्या उंचीला साडेनऊ मीटरची मर्यादा होती. कुणाला ती माहीत होती, कुणाला नव्हती. आजवर कुणी मोजायला आले नव्हते एवढे मात्र खरे. आता फोटोंवरून हिशेब लागला, आणि ज्यांचे घर कागदावर साडेनऊच्या वर गेले त्यांच्या दारावर चौदा दिवसांची मुदत डकवली गेली. जादा बांधकाम स्वतः उतरवा, नाहीतर आम्ही येऊन उतरवू. पहिली नोटीस दुसऱ्या गल्लीत लागली. मग शेजारी. मग समोर. एकतीस घरे झाली. सुतावरून स्वर्ग गाठायला लोकांना वेळ लागत नाही, आणि इथे तर सुताऐवजी लाल-पांढरा दांडाच डोळ्यांसमोर होता. म्हातारा जिथे दांडा टेकतो तिथे नोटीस उगवते, असे लोक म्हणू लागले. ज्या दारांतून "सर" अशी हाक येई, ती दारे नाना दिसताच लागू लागली. एका बाईने अंगणातल्या मुलीला दंडाला धरून आत ओढले, दुपट्याने वाऱ्यापासून झाकावे तसे तिच्यावरून दार ओढून घेतले. दुसऱ्या गल्लीतल्या बाप्यांनी तर निरोपच धाडला, की मोजणीवाले पुन्हा इकडे फिरकले तर ज्या पायांनी आले त्या पायांनी परत जाणार नाहीत.

"परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरावं तसं वाटतंय," नाना म्हणाले होते. "फरक इतकाच, की आज पेपर कुणी काढलाय ते मलाही माहीत नाही."

हे सगळे तिला टोचत होते. पण मर्यादा मर्यादा असते, आणि आपण काढतो ते फक्त फोटो, अशी तिने मनाची समजूत घातली होती. ती समजूत तीन दिवसांपूर्वी मोडली.

त्या दिवशी ती नवे तक्ते द्यायला विभाग कार्यालयात गेली होती. तिथला उंची काढणारा कारकून हा मोठा हसरा, गोल चेहऱ्याचा माणूस. त्याला सगळे आकडेवाला म्हणत. त्याने कौतुकाने तिला नवी यादी दाखवली. "बघा बाई, आता तुमच्या खुणेच्या जागाही पुऱ्या केल्या." ती वाचू लागली. शाळेची कमान. वाचनालयाचे घड्याळ. पाण्याची टाकी, साडेबावीस मीटर.

त्या टाकीच्या पायथ्याशी तिने चार सकाळी काढल्या होत्या, ढग येईनात म्हणून. तिथल्या लोखंडी पाटीवरची अक्षरे तिला तोंडपाठ झाली होती: उंची एकवीस मीटर.

"टाकी दीड मीटर वाढली की काय?" ती हसून म्हणाली.

"हल्ली काय वाढत नाही, बाई?" आकडेवाला म्हणाला. "पाटी जुनी असेल. फोटो खोटं बोलत नाहीत. मी पट्टे-बिट्टे मोजत बसत नाही, टोकापासून टोकापर्यंत अख्खा दांडा तीन मीटर धरायचा, की दोन मिनिटांत घर निकालात." त्याने पान उलटले.

ते हसू तिच्या तोंडात घरी पोचेपर्यंत आंबले. घराच्या लिफ्टमध्ये ती एकटी होती. नाना वाचनालयात गेले होते, आणि दांडा तिच्या हातात होता. तिने तो नेहमीसारखा तिरका करून कोपऱ्यात टेकवला, दार ओढले, आणि दार लागले. चौथ्या मजल्याच्या बटणाकडे गेलेले तिचे बोट मध्येच थांबले. सुरुवातीला हा दांडा लिफ्टमध्ये मावत नव्हता. पहिल्या आठवड्यात ती कॅमेरा घेऊन लिफ्टने जाई आणि नाना दांडा खांद्यावर घेऊन जिना चढत. "व्यायाम होतो," म्हणत. मग केव्हातरी तो मावू लागला. केव्हा, ते तिला आठवेना. मावेल अशी वस्तू मावली तर तिकडे कुणाचे लक्ष जाते?

घरात शिरताच तिने टेप लावला. दोन मीटर ऐंशी.

सगळ्यांत खालचा पांढरा पट्टा वीतभर आखूड होता. तुटलेला नव्हता, कापलेला होता. कड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलेली, वर पांढऱ्या रंगाचा नवा हात फिरवलेला. इतकी नीट कापाकापी या घरात एकच माणूस करू शकत होता.

तिने एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. खरे नऊ मीटरचे घर या दांड्याने साडेनऊच्या वर जात होते. आकडेवाल्याच्या यादीची नक्कल तिच्यापाशी होती. एकेक घर तिने पुन्हा काढले. एकतीसपैकी अठ्ठावीस घरे मर्यादेच्या आत होती.

त्यानंतरचे तीन दिवस तिने मिठाची गुळणी धरली. अठ्ठावीस घरे एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला खिडकीशी बसून वर्तमानपत्रात लाल रेघा मारणारा एक म्हातारा. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघ ओढली, त्याच्या चुकीखाली आता सगळे उपनगर रेघ ओढणार. आणि सही तिची. तपासला, तपासला, तीनशे बारा वेळा तपासला. पहाटे डोळा लागला की तिला तीच गल्ली दिसे: प्रत्येक घराला लागून नाना उभे, आणि प्रत्येक घरात ते थोडे थोडे आखूड होत चाललेले. सकाळी उठून ती ठरवी, उद्या सांगू. पहिल्या मुदतीला अजून सहा दिवस होते. सहा दिवस म्हणजे पुष्कळ. तोवर काम बंद केले तर संशय येईल, म्हणून ती रोज तोच दांडा नानांच्या हातात देत राहिली.

एक गोष्ट तिने धरली नव्हती. भ्यालेला माणूस मुदतीची वाट पाहत नाही.

हातोडा पुन्हा पडला. या वेळी त्याच्यामागून माती सुटल्याचा फसफस आवाज आला.

"कोण तोडतंय?" नानांनी विचारले.

अकरा नंबरच्या दारात शिवणवाल्या काकू उभ्या होत्या, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. गल्लीतल्या निम्म्या कपड्यांची मापे त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी टाचणी काढून पदराला टोचली.

"बसवाले काका. दुसरं कोण? काल सकाळपासून लागलेत. वरची खोली आपल्या हातानं उतरवतायत. म्हणतात, ते लोक आले तर खालचंही पाडतील, त्यापेक्षा मीच हळूहळू काढतो." त्या दांड्याकडे पाहत होत्या. "आता आमच्या दारात उभे राहिलात. म्हणजे आमचाही नंबर लागला म्हणायचं."

"तसं काही नसतं हो," नाना म्हणाले.

"सर, माझ्या मुलीला तुम्ही भूमितीत नापास केलंत, तेव्हाही असंच म्हणाला होतात. तसं काही नसतं."

"पुढच्या वर्षी पास झाली की ती."

"झाली. पण गेलं ते वर्ष कुणी परत दिलं नाही."

कुणी हसले नाही. फेसवाल्या गृहस्थाने वळून अंगणात चूळ भरली, तेवढेच.

बसवाले काका म्हणजे निवृत्त बसचालक. तीस वर्षे याच उपनगराची बस त्यांनी चालवली होती. त्यांच्या बायकोला दमा होता, खालच्या खोल्यांना ओल होती, आणि वरची हवा बरी असे डॉक्टर म्हणाले म्हणून त्यांनी तीन वर्षे एकेक वीट चढवत वर एक खोली बांधली होती. त्या घराचा फोटो तिला नीट आठवत होता. वरच्या खिडकीत एक बाई उशीला टेकून बसली होती, आणि फोटो काढून झाल्यावर तिने हात हलवला होता. चौकटीत माणूस नको, हा नियम असूनही तिने तो फोटो पुन्हा काढला नव्हता. यादीत ते घर होते नऊ मीटर चोपन्न. पाकिटाच्या पाठीवर आठ मीटर नव्वद.

ती नानांच्या जवळ जाऊन पोचली.

"नाना," ती हळू आवाजात म्हणाली, "दांडा कधी कापलात?"

ओळंबा त्यांच्या कानाशी बारीक झोके घेऊ लागला.

"लिफ्टमध्ये बसत नव्हता," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"गुडघे राहिले नाहीत गं आता. दोनदा जिन्यात बसलो होतो. तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, नाना, तुम्ही घरीच बसा." मग एकदम त्यांचा स्वर शाळेतला झाला. "पण त्यानं बिघडलं काय? खालचा पट्टा धरायचाच नसतो. तो गवतात जातो, चिखलात जातो. वरचे पाच शाबूत आहेत, कुठलाही एक घ्या, अर्धा मीटर. उत्तर बरोबरच येतं. सातवीतलं पोर सांगेल."

"त्यांनी पट्टा घेतलाच नाही, नाना. अख्खा दांडा तीन मीटर धरला."

नानांचे ओठ हलू लागले. ते गणित करत होते. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. उत्तर कपाळाकडून खाली येत होते, भुवयांतून, गालांतून, आणि हनुवटीपाशी आले तेव्हा हनुवटी थरथरली.

"टाकी?" त्यांनी विचारले.

"साडेबावीस."

"एकवीस आहे ती."

"हो."

"टाकी वाढत नसते," ते पुटपुटले. मग, "तुला कधी कळलं, पोरी?"

"तीन दिवस झाले."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त हातोड्याच्या दिशेने मान वळवली. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी दांडा खांद्यावर घेतला आणि चालू लागले.

"नाना, थांबा." ती ट्रायपॉड तसाच टाकून मागे धावली. "आधी कार्यालयात जाऊ. साहेबांना सांगू, ते लेखी थांबवतील. इथं असं उघड्यावर सांगितलंत तर हे लोक आपल्याला... दुसऱ्या गल्लीतले काय म्हणालेत ते ठाऊक आहे ना?"

"कार्यालय दहाला उघडतं," नाना म्हणाले. "भिंत आत्ता पडतेय."

गॅलऱ्यांमधले डोळे त्यांच्याबरोबर सरकू लागले. कुठे तरी कडी निघाली. पावले जिन्यांवरून उतरू लागली. घाईने नव्हे, सावकाश. धावणारी माणसे निदान काहीतरी बोलतात.

बसवाल्या काकांच्या घराची वरची, रस्त्याकडची भिंत उरली नव्हती. आतला निळा रंग उघडा पडला होता. भर दिवसा कुणाचे तरी स्वप्न उघडे पडावे तसा. खिडकीची चौकट निराळी काढून भिंतीला टेकवली होती. तुटल्या कडेवर काका उभे होते, केस, भुवया, बनियन सगळे चुन्याने पांढरे. खाली दारात, खाटेवर, त्यांची बायको नाकाला ओला रुमाल लावून बसली होती.

"काय सर?" काका वरून म्हणाले. "फोटो काढायला आलात? काढा. आधीचा काढलात, आता नंतरचाही काढा. जोडी होईल."

"खाली या," नाना म्हणाले. "हातोडा ठेवा आणि खाली या. चूक झाली आहे."

"माझी?"

"माझी."

काका जिन्याने खाली आले. हातोडा त्यांनी ठेवला नव्हता. नानांनी त्यांना सगळे सांगितले, फळ्यासमोर उभे राहून सांगावे तसे, एकही पायरी न गाळता: लिफ्ट, गुडघे, करवत, वीत, पट्टा, टाकी. बोलताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही की बसला नाही. सभोवती माणसांचे कडे पडले होते. ती नानांच्या अगदी मागे उभी होती, त्यांच्या सदऱ्याचे टोक हातात धरून, लहानपणी गर्दीत धरायची तसे. आपण ते धरले आहे हे तिला उशिरा कळले.

काका शिवणवाल्या काकूंकडे वळले. "टेप द्या."

काकूंनी टेप दिला नाही, स्वतःच पुढे आल्या. नानांनी दांडा आडवा धरला. काकूंनी टेपाचे टोक वरच्या लाल पट्ट्याला लावले, अंगठ्याने पुढे पुढे सरकवत नेले, गळ्यातला टेप पुरला नाही तिथे नखाने खूण करून पुन्हा लावला.

"दोन ऐंशी," काकू म्हणाल्या.

"आणि माझं घर?" काकांनी विचारले.

नानांना तो आकडा माहीत नव्हता. तिला होता. "आठ मीटर नव्वद," ती म्हणाली. "मर्यादेच्या आत. साठ सेंटिमीटर आत."

काकांनी वर पाहिले. उरलेल्या भिंतीवरून एक विटेचा तुकडा आपण होऊन सुटला आणि ढिगाऱ्यावर पडला.

"म्हणजे तोडायचं काही कारण नव्हतं."

काकांनी तोंडावरचा चुना हाताने पुसला.

"सर, तुम्हाला कधी कळलं हे?"

"आत्ता. दहा मिनिटं झाली असतील."

"बरं." काकांची नजर नानांच्या खांद्यावरून मागे आली आणि तिच्यावर थांबली. "आणि बाई, तुम्हाला?"

"तिला मीच..." नाना म्हणू लागले.

खोटे तयार होते. हातभर अंतरावर, वडिलांनी पुढे केलेले. फक्त मान हलवायची होती. तिने कड्यातल्या चेहऱ्यांकडे पाहिले. तीन महिने तिने यांच्या भिंती पाहिल्या होत्या, चेहरे आज पहिल्यांदा इतक्या जवळून दिसत होते.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली.

खाटेवरच्या बाईने रुमाल खाली घेतला. "यांनी काल सकाळी सुरुवात केली," ती म्हणाली. ती तक्रार नव्हती. ती नुसते दिवस मोजत होती. मग तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"दांडा मी कापला," नाना कड्याकडे वळून म्हणाले. "कुणाला काही करायचं असेल तर..."

"सही माझी आहे," ती म्हणाली.

काकांनी हातोडा जमिनीवर ठेवला. त्याचा आवाज झाला नाही, इतका हळू ठेवला. मग पुढे होऊन त्यांनी नानांच्या हातातला दांडा घेतला. हिसकावला नाही, म्हाताऱ्याच्या हातातले ओझे उतरवून घ्यावे तसा घेतला. एकदा तोलून पाहिला. तिला वाटले, आता. तिने नानांना मागे खेचले. पण काकांनी दांडा खांद्यावर टाकला आणि कड्याकडे पाहिले. कडे आपण होऊन उघडले.

"काका, कुठं निघालात?" तिने विचारले.

ते चालू लागले होते. चुन्याची पांढरी पावले त्यांच्यामागे रस्त्यावर उमटत होती.

ती दोन पावले पुढे झाली. "कार्यालयात जायचंय ना? आम्हीही येतो. मी लिहून देते, नाना लिहून देतील. अठ्ठावीस घरांची यादी माझ्यापाशी आहे. काका?"

गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटत होता. डावीकडे विभाग कार्यालय, उजवीकडे निरोप धाडणाऱ्यांची दुसरी गल्ली. तिथे काका क्षणभर थांबले आणि त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले, गाडी सुरू करण्याआधी आरशात पाहावे तसे.

"काका, तिथं काय सांगणार आहात?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिथवर पोचला असावा, कारण शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी मान वाकवून काकांकडे पाहिले.

नाना अजून हात पुढे धरून उभे होते, मूठ अर्धी मिटलेली, जणू दांडा तिथेच आहे.

काका उजवीकडे वळले. आधी ते दिसेनासे झाले, मग त्यांच्या खांद्यावरचा दांडा सरकत गेला, लाल, पांढरा, लाल, पांढरा, लाल, आणि शेवटी तो आखूड पांढरा पट्टा.